जुन्या जिप्सीसाठी कॅलिपर आणि ब्रेक होस घेताना

दुकानात जाऊन नुसतं ‘जिप्सीचा पुढचा कॅलिपर द्या’ असं कधीच म्हणू नका. कॅलिपर म्हणजे ब्रेकची डिस्क पॅडनी दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग, आणि होस म्हणजे त्याच्यापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचिक नळी. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये तिचीच किंग आली, पुढे कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं. तीस वर्षांहून जास्त काळ ही गाडी बनत राहिली आणि त्या काळात ती बऱ्याच मालकांच्या हातांतून गेली. कुणाची लष्कराच्या लिलावातून आलेली, कुणी दोन गाड्यांची एक केलेली, कुणी मोठे टायर बसवताना अख्खा पुढचा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा घातलेला. आरसी बुकावर जे साल आणि मॉडेल लिहिलंय, तेच हबवर असेल याची खात्री नाही. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच: चाक काढा, मोजा, मग पैसे काढा.

मी महाडला गाड्यांचं काम करतो, त्यात जुन्या फोर बाय फोर जास्त. इथून वर जायचं तर भोरकडे वरंध घाट किंवा पोलादपूरवरून महाबळेश्वरला आंबेनळी. पाऊस भरपूर, माती लाल आणि चिकट, शिवाय दापोली, श्रीवर्धनकडून येणाऱ्या गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज. ब्रेकचं काय काय बिघडू शकतं ते सगळं या पट्ट्यात बघायला मिळतं. पुढे जे सांगतोय ते जिप्सी किंग डोळ्यांसमोर ठेवून, म्हणजे पुढे डिस्क, मागे ड्रम, कॅलिपर एका पिस्टनचा आणि सरकता. जुनी थार किंवा बोलेरो असेल तरी पद्धत हीच, मापं वेगळी.

आधी ठरवा, दोष कुणाचा

गाडी एका बाजूला ओढते, एक चाक गरम होतं, की लगेच ‘कॅलिपर जाम’ असा निकाल लागतो आणि नवा कॅलिपर आणला जातो. बऱ्याचदा दोष होसचा असतो. रबराचा होस आतून फुगतो, त्याचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. पेडल दाबताना जोर जास्त म्हणून ऑइल पुढे जातं, पण पेडल सोडल्यावर ते परत येत नाही. बाहेरून होस चांगला दिसतो.

तपासायची रीत सोपी आहे. चाकांना दगड किंवा गुटके लावा, पुढून गाडी उचला, नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. एकाला पेडल दाबून सोडायला सांगा. चाक हातानं फिरत नसेल तर कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, थोडं सैल करा. ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर कॅलिपरमधलं यंत्र ठीक आहे, दाब कुठेतरी अडकून बसलाय. परत पेडल दाबून चाक अडकवा आणि या वेळी होसचं वरचं टोक, जिथे तो चासीवरच्या लोखंडी पाइपला जोडलाय, ते नट किंचित सैल करा. इथे सैल केल्यावर चाक सुटलं तर दोष होसच्या वर आहे, बहुधा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) किंवा त्याच्या पुशरॉडच्या सेटिंगमध्ये. वर सैल करूनही चाक सुटत नाही, पण निपलला सुटतं, तर होस गेला. आणि निपल उघडूनही चाक जाम असेल, तर मग कॅलिपर.

कॅलिपर असेल तर पॅड बाहेर काढून दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. आतला पॅड, म्हणजे पिस्टनकडचा, जास्त झिजलाय आणि बाहेरचा जाड राहिलाय, तर कॅलिपर त्याच्या पिनांवर सरकत नाही. पिना आणि त्यांचे बूट बदलून काम भागू शकतं. दोन्ही पॅड सारखे पण दुसऱ्या चाकापेक्षा फार जास्त झिजलेत, तर पिस्टन मागे येत नाही.

नवा घ्यायचा की जुनाच उघडायचा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मेकॅनिक लोकांचाही यात गोंधळ असतो. मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरमध्ये रबरी कप पिस्टनबरोबर पुढे-मागे होतो आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीला घासतो. त्यामुळे तिथे भिंतीवर ओरखडा किंवा खड्डा आला की सिलिंडर फेकायचा. डिस्कच्या कॅलिपरमध्ये उलटं आहे. चौकोनी सील भिंतीतल्या खाचेत बसून राहतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे इथे महत्त्व पिस्टनच्या पृष्ठभागाला. पिस्टनचं क्रोम उडून बारीक खड्डे पडले असतील, तर नवं सील घालून उपयोग नाही, ते खड्डे त्या सीलला चावत राहणार. भिंतीवर किरकोळ डाग असेल तर चालतो. पण सीलच्या खाचेत गंजाचा थर चढला असेल तर सील आतून पुढे ढकललं जातं आणि पिस्टन आवळला जातो. खाच टोकदार लाकडी काडीनं आणि मऊ ब्रशनं साफ होत असेल तर ठीक. गंजानं धातूच खाल्ला असेल तर कॅलिपर सोडून द्या.

पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. दाबाखाली ते चौकोनी सीलच किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सील कडक झालं की हे काम बंद पडतं, पॅड डिस्कला चिकटून राहतात. म्हणून सीलकिट घेताना रबर कुठल्या जातीचं, हा प्रश्न विचारायलाच हवा. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर लागतं. साधं नायट्राइल रबर इंजिन ऑइलला चांगलं, ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ईपीडीएमचं बरोबर उलटं: त्याला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगून जातं. कॅलिपरचे भाग पेट्रोलनं धुणाऱ्या गॅरेजमधून गाडी उचला. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल, आणि पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, दुसरं काही नाही.

माझा हिशेब असा. कॅलिपरचा सांगाडा शाबूत, निपल तुटलेलं नाही, पिनांच्या भोकांचे आटे चांगले, तर नवा पिस्टन आणि सीलकिट. एवढं करून गाडी वर्षानुवर्षं चालते. निपल आत तुटलंय, कान झिजलाय, खाच खाल्ली गेलीय, तर नवा. एक बाजू बदलली तर दुसरीही त्याच स्थितीला आणा. एका बाजूला नवं सील आणि दुसऱ्या बाजूला वीस वर्षांचं, म्हणजे ओल्या उतारावर गाडी आडवी होण्याची सोय.

नवा कॅलिपर निवडताना काय मोजायचं

पिस्टनचा व्यास व्हर्निअरनं मोजा. अंदाज नको. समजा तुमचा पिस्टन ५१ मिमीचा आहे आणि दुकानदारानं ५४ चा दिला. फरक ३ मिलीमीटरचा दिसतो, पण जोर क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. हिशेब केला तर साधारण १२ टक्के फरक येतो. पिस्टन तितकाच सरकवायला मास्टर सिलिंडरला १२ टक्के जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणजे पेडल खोल जातं. आणि पुढच्या चाकांवर जोर १२ टक्के वाढतो, मागच्यांवर तेवढाच राहतो. डांबरावर हे बरंही वाटेल. चिखलाच्या उतारावर मात्र पुढची चाकं आधी लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. गाडी सरळ खाली जाते. मोठा पिस्टन घालून ‘ब्रेक सुधारला’ म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो की मास्टर सिलिंडर आणि मागचा ब्रेक यांच्याशी जुळवल्याशिवाय पुढचा वाढवणं धोक्याचं आहे.

काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एका दांड्यानं जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो. गाडी मागून खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उंच केली, की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. तुमच्या गाडीत असा दांडा असेल आणि लिफ्ट केलं असेल, तर कॅलिपरला दोष देण्यापूर्वी तो दांडा बघा.

पुढचं माप डिस्कचं. तिची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, गंज पुसला की दिसते. त्याखाली गेली असेल तर नव्या कॅलिपरचा पिस्टन जास्त बाहेर येऊन काम करणार, तेव्हा डिस्कही बदला. मग ब्रॅकेटच्या दोन बोल्टांमधलं अंतर, पॅडचा आकार, आणि होस जिथे बसतो तिथले आटे. काही कॅलिपरना बॅन्जो बोल्ट (मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) येतो, काहींना होसचं तोंड सरळ आट्यांत बसतं. जुना भाग आणि नवा भाग दुकानाच्या काउंटरवर शेजारी ठेवून हे सगळं जुळवा. जुना भाग सोबत न नेता केलेली खरेदी परत करायलाच जावं लागतं.

डावा-उजवा बघा. निपल नेहमी वरच्या बाजूला यायला हवं, कारण हवा वर चढते. कॅलिपर अदलाबदल झाले तरी ते बोल्टांवर बसतात, पॅडही बसतात, पण निपल खाली येतं आणि कितीही ऑइल ओतलं तरी वरची हवा निघत नाही. पेडल स्पंजसारखं राहतं आणि माणूस मास्टर सिलिंडर बदलत बसतो.

रिकंडिशन कॅलिपर घ्यायला हरकत नाही, पण रंगावर जाऊ नका. चकचकीत रंग दिलेल्या कॅलिपरचं धुळीचं रबर उचलून पिस्टन बघा. निपल पान्यानं फिरवून बघा. पिनांच्या भोकांत रंग गेला असेल तर तो माल ज्यानं बनवला त्याला कामाची घाई होती. मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीत मायापुरीला भंगारातून निघालेले कॅलिपर मिळतात. ते मी फक्त सांगाडा म्हणून घेईन, आतलं सगळं नवं घालायच्या तयारीनं. दिल्लीच्या काश्मिरी गेटला जिप्सीचा नवा मालही भरपूर मिळतो, मात्र खोक्यावरच्या नावापेक्षा भागावरचं ओतीव चिन्ह आणि मशीनिंगची सफाई बघून विश्वास ठेवा. मारुतीचा अस्सल भाग मिळत असेल तर त्यात वाद नाही.

मोठ्या ब्रेकचा मोह

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिमी. हौसेनं घातलेला २३५/७५ आर १५ साधारण ७३३ मिमीचा. ब्रेक तोच, पण चाकाची त्रिज्या जवळपास १० टक्के वाढली, म्हणजे रस्त्यावर मिळणारा रोध त्याच प्रमाणात घटला, शिवाय चाक जड झालं. मालकाला वाटतं ब्रेक कमजोर आहे, आणि ते बरोबरही आहे. तरी लगेच दुसऱ्या गाडीचे हवेशीर (मधे हवेसाठी फटी असलेले) डिस्क आणि मोठे कॅलिपर शोधू नका. हवेशीर डिस्क उष्णता लवकर टाकते, लांब उतारावर टिकते. पहिल्या ब्रेकला गाडी त्यामुळे लवकर थांबत नाही. आधी मूळ ब्रेक पूर्ण तंदुरुस्त करा: नवे होस, चांगले पॅड, सरकत्या पिना, मागचे लायनर नीट अ‍ॅडजस्ट केलेले. मागचे लायनर लांब राहिले तर पेडलचा अर्धा प्रवास तिथेच खर्च होतो, हे फार लोक विसरतात. एवढं केल्यावर दहापैकी बऱ्याच गाड्यांना दुसरं काही लागत नाही. त्यानंतरही आंबेनळी उतरताना पेडल मऊ होत असेल तरच मोठ्या डिस्कचा विचार करा. तेव्हा रिमच्या आत कॅलिपरला जागा आहे का ते चाक हातानं पूर्ण फिरवून बघा, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं तेही आरटीओत विचारून घ्या.

होस

पैसे कमी असतील तर मी कॅलिपर जुनाच ठेवून सगळे होस बदलीन. बहुतेक जिप्सींत पुढे दोन आणि मागे चासीवरून अ‍ॅक्सलकडे जाणारा एक. मागचा कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण तो दिसत नाही. तिन्ही एकदम बदला.

होसवर छापलेली अक्षरं वाचायची सवय लावा. भारतीय मानक आयएस ७०७९, अमेरिकन एसएई जे१४०१, यांपैकी एक तरी हवंच. त्याबरोबर बनवणाऱ्याचं चिन्ह, तयार झाल्याची तारीख, आतला व्यास, तो साधारणपणे १/८ इंच, म्हणजे ३.२ मिमी. अमेरिकन नियमाच्या मालावर एचआर किंवा एचएल असतं: एचआर म्हणजे दाबाखाली नेहमीइतका फुगणारा, एचएल म्हणजे कमी फुगणारा. या जाडीच्या होसला त्या नियमानुसार फुटण्याआधी ७००० पीएसआय सोसावं लागतं. ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही, तो कितीही जाड आणि काळाभोर दिसला तरी घेऊ नका. तारखेचंही तसंच. जुन्या गाडीचा माल दुकानात वर्षानुवर्षं पडून असतो आणि रबर खोक्यात असलं तरी म्हातारं होतं. पाच वर्षांपेक्षा जुना होस मी बसवत नाही, हा माझा नियम.

अनेक होसवर लांबीभर दोन रेघा असतात. होस बसवल्यावर ती रेघ सरळ दिसली पाहिजे. रेघ गोल फिरलेली दिसली तर होस पिळलाय, सोडून परत बसवा. ज्याचं तोंड सरळ कॅलिपरच्या आट्यांत जातं, ते टोक आधी पूर्ण आवळा आणि मग चासीकडचं नट लावा, म्हणजे पीळ पडत नाही.

आट्यांचा विषय नाजूक आहे. जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुधा १० मिमी बोल्टला १.० मिमीचा आटा, काही बॅन्जो बोल्टांना १.२५ चा, आणि जुन्या अमेरिकन जीपच्या वंशातल्या गाड्यांत ३/८ इंचाला २४ आटे. हा ३/८ म्हणजे ९.५ मिमी आणि आट्याचं अंतर १.०६ मिमी. १० मिमीच्या मादीत हा सैल का होईना पण जातो, आवळल्यासारखा वाटतो, आणि पूर्ण दाबाला बाहेर येऊ शकतो. आट्यांचा गेज स्वस्तात मिळतो. तो नसेल तर नट हातानं शेवटपर्यंत फिरतंय का आणि हलवल्यावर डुगडुगतंय का ते बघा. लोखंडी पाइपाचं तोंडही जुळलं पाहिजे: आत दुमडलेलं दुहेरी फ्लेअर आणि बाहेरून फुगीर फ्लेअर एकमेकांना चालत नाहीत, जोर लावून आवळलं तरी गळतात. बॅन्जोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

लांबी मोजायची ती गाडी सपाट जमिनीवर उभी असताना नव्हे. चासी स्टँडवर ठेवा, अ‍ॅक्सल शॉकअपवर पूर्ण लोंबू द्या. मग एक बाजू जॅकनं पाटे दबेपर्यंत वर घ्या आणि दुसरी तशीच खाली राहू द्या, म्हणजे दगडावर चढल्यावर होते तशी तिरकी स्थिती येते. खालच्या बाजूचं चाक स्टेअरिंगनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि चासीच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरपर्यंत सुतळी होसच्याच वाटेनं धरा. सगळ्यात जास्त जे माप येईल त्यावर मी दोन-अडीच सेंटीमीटर सोडतो. त्याहून जास्त नको. लांब होस गाडी दबल्यावर बाहेर फुगतो आणि टायरला किंवा रिमला घासतो. म्हणून उलट स्थितीही बघा: चाक पूर्ण वर, स्टेअरिंग पूर्ण वळलेलं. गाडी लिफ्ट केलेली नसेल तर मूळ लांबीचा होस पुरतो, उगाच लांब घेऊ नका.

लिफ्ट केलेल्या गाडीसाठी होस बनवून घ्यावा लागला, तर जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करणाऱ्या दुकानात जाऊ नका. एमआयडीसीच्या आसपास अशी दुकानं खूप आहेत, त्यांचं कामही उत्तम असतं आणि ते ‘याच्यात तर तिप्पट दाब चालतो’ असं खरंच सांगतात. पण तो पाइप खनिज तेलासाठी असतो, आतलं रबर बहुधा नायट्राइल. ब्रेक ऑइलमध्ये ते फुगेल, सुटेल, आणि तुकडे कॅलिपरमध्ये जातील. ब्रेकचेच होस बनवणारा, प्रत्येक नग दाबाखाली तपासून देणारा माणूस शोधा.

स्टीलच्या जाळीचे होस सगळ्यांना आवडतात. आतली नळी पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, ती फारशी फुगत नाही, पेडल घट्ट लागतं. डांबरावरच्या गाडीला उत्तम. चिखलात फिरणाऱ्या गाडीला माझी पसंती अजूनही चांगल्या रबराला आहे. जाळीत लाल मातीचे कण शिरले की प्रत्येक हालचालीला ते आतली नळी घासतात आणि बाहेरून काही कळत नाही. नळी एकदा मोडली की ती घडी कायमची. उघडी जाळी ज्याला टेकेल त्याला कानशीसारखी कापते, मग तो दुसरा पाइप असो की वायर. रबर म्हातारं झालं की निदान भेगा दाखवतं. जाळीचाच घ्यायचा असेल तर वरून प्लास्टिकचं पूर्ण आवरण असलेला घ्या आणि रबरी ग्रोमेट (कडी) घालूनच क्लिपमध्ये अडकवा.

बसवताना

कॅलिपर सोडवला की तो होसवर लोंबकळू देऊ नका, तारेनं पाट्याला बांधा. नवा होस एकदा असा ताणला गेला तर आतून सुटायला सुरुवात तिथूनच होते.

ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलंय ते. डॉट ३ असेल तिथे डॉट ४ चालतं आणि घाटासाठी मी तेच घालतो: कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीत म्हणूनच दर वर्षी ऑइल बदलावं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. डॉट ५.१ ग्लायकॉलचंच, ते चालतं.

हवा काढताना मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मग इंजिन चालू ठेवून पेडल जोरानं दाबून मिनिटभर धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या आत सुटतंय. प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून बघा.

पहिली चक्कर सपाट मोकळ्या रस्त्यावर, घाटात नव्हे. नवे पॅड असतील तर मध्यम वेगावरून हळू ब्रेक लावून सोडा, असं काही वेळा, मधे डिस्क थंड होऊ देत. परत आल्यावर बॅन्जो बोल्ट आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा पान्यानं तपासा, स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून होसवर घासल्याची चकाकी आली आहे का ते बघा. पहिला चिखलाचा दौरा झाला की चाकं धुऊन हीच तपासणी परत करा.